काट्यावरचे वजन, पदरात पडणारे वस्तुमान

गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस दारात उभा राहतो. सील आहे की नाही हे पाहिले जाते, पैसे चुकते होतात आणि रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन तो जिना उतरू लागतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस नेमका किती आहे, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. वास्तविक सिलिंडर दारात तोलून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि वितरकाच्या माणसाजवळ त्यासाठी काटा असणे अपेक्षित आहे. हिशेबही अवघड नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असावा लागतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या वरच्या कड्याखालील पट्टीवर लिहिलेले असते. ते १५.३ किलो असेल, तर भरलेला सिलिंडर काट्यावर २९.५ किलो भरला पाहिजे. नियमानुसार यात सुमारे दीडशे ग्रॅमचा फरक चालतो. किलोभर गॅस कमी भरला तर मात्र ग्राहकाचे सात टक्के पैसे वाया गेले, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

सिलिंडर, तेलाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, मिठाईचे खोके, सोन्याचे वळे या साऱ्या वस्तू आपण तोलून घेतो. ‘वजन’ हा एकच शब्द आपण या सर्वांसाठी वापरतो. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकाने आपल्याला वस्तुमान आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे शिकवले होते. परीक्षेत दोन गुणांच्या ‘फरक स्पष्ट करा’साठी तो फरक पाठ केला गेला आणि निकालाबरोबर विसरलाही गेला. बाजारात मात्र हा फरक रोजच्या पैशांशी जोडलेला आहे. ग्राहक पैसे मोजतो ते वस्तुमानाचे आणि बहुतेक काटे मोजतात ते वजन. या दोहोंमधील अंतर कायद्याने, तपासणीने आणि विश्वासाने भरून काढावे लागते. ते जेथे भरले जात नाही तेथे फसवणुकीला वाव मिळतो.

फरक कोणता?

एखाद्या वस्तूत द्रव्य किती आहे, याचे माप म्हणजे वस्तुमान. ते किलोग्रॅममध्ये मोजतात. त्या वस्तूला पृथ्वी ज्या बलाने आपल्याकडे ओढते ते बल म्हणजे वजन. विज्ञानाच्या भाषेत त्याचे एकक न्यूटन आहे. २९.५ किलो वस्तुमानाच्या सिलिंडरला मुंबईत पृथ्वी सुमारे २८९ न्यूटन बलाने ओढते. बाजारात न्यूटनमध्ये कोणी बोलत नाही आणि बोलण्याची गरजही नाही. पण हे आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत, हे ध्यानात असलेले बरे.

स्वयंपाकघरातच याचा पडताळा घेता येतो. भरलेला सिलिंडर उचलताना कंबर धरते, ते वजनामुळे. तोच सिलिंडर न उचलता गुळगुळीत फरशीवर कडेवर तिरका करून गडगडत न्यायचा म्हटले, तरी रिकाम्यापेक्षा त्याला गती द्यायला आणि थांबवायलाही अधिक जोर लागतो. येथे आपण त्याला उचलत नसतो, तरीही त्याचा जडपणा जाणवतो. हा जडपणा वस्तुमानाचा. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या पिढीला दुसरे उदाहरण ठाऊक होते. भरलेली बादली पाण्यात असेतो हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच दोराला ओढ बसते. बादलीतले पाणी तेवढेच असते. पाण्यात असताना वर लोटणारे बल तिला आधार देते आणि हाताला जाणवणारा भार तेवढा कमी होतो. चंद्रावर हाच सिलिंडर हुकाच्या काट्याला लटकवला, तर काटा पाच किलोही दाखवणार नाही. आतला गॅस मात्र १४.२ किलोच असेल.

म्हणजे वजन परिस्थितीनुसार बदलू शकते, वस्तुमान बदलत नाही. या लेखातील पुढचा सारा विचार या एका वाक्यावर उभा आहे.

तागडी, तानकाटा आणि इलेक्ट्रॉनिक काटा

भाजीवाल्याच्या हातातली जुनी तागडी आता शहरांत दुर्मिळ झाली आहे. तिच्या एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात लोखंडी माप ठेवले जाई. पृथ्वीची ओढ दोन्ही पारड्यांवर सारखीच असल्यामुळे ती कमी-अधिक झाली तरी दांडी आडवीच राहणार. तागडी खऱ्या अर्थाने वस्तुमानाची तुलना करते. तिच्यात लबाडी करायची तर ती मापात किंवा दांडीत करावी लागे. दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला काहीतरी बांधून तोल साधत. त्याला पासंग म्हणतात. ‘पासंगालाही न पुरणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. मापाचा तळ पोखरणे, मापाऐवजी दगड वापरणे, बोटाने दांडी दाबणे हे प्रकार साऱ्यांच्या परिचयाचे होते. ती लबाडी निदान डोळ्यांना दिसू शकत असे.

रद्दीवाल्याच्या हातात असतो तो हुकाचा तानकाटा. त्यातली स्प्रिंग ओढीने ताणली जाते आणि काटा पुढे सरकतो. तो मोजतो ते बल, म्हणजेच वजन. पट्टीवर मात्र आकडे किलोचे छापलेले असतात. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटाही जातकुळीने तानकाट्याचाच भाऊ आहे. त्याच्या ताटाखाली असलेला धातूचा तुकडा भाराने किंचित वाकतो, त्यामुळे त्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युत रोध बदलतो आणि त्या बदलाचे गणित करून पडद्यावर किलो-ग्रॅम उमटतात. हे गणित काट्याला आधी शिकवावे लागते. प्रमाणित माप ताटात ठेवून ‘हे एक किलो’ असे त्याला सांगितले जाते आणि पुढचे सारे तोल तो त्या शिकवणीनुसार करतो. शिकवण चुकीची असेल, मग ती अजाणता असो वा जाणूनबुजून, तर पुढचा प्रत्येक तोल चुकणार आणि ग्राहकाला पडद्यावर काहीच संशयास्पद दिसणार नाही.

या शिकवणीला स्थळाचेही बंधन आहे. पृथ्वीची ओढ सर्वत्र सारखी नाही. विषुववृत्तापेक्षा ध्रुवांवर ती सुमारे अर्धा टक्का अधिक आहे आणि उंचीवर गेल्यास ती थोडी घटते. कन्याकुमारी आणि दिल्ली यांच्यात हा फरक साधारण हजारात एक इतका भरतो. कन्याकुमारीला प्रमाणित केलेला इलेक्ट्रॉनिक काटा तसाच दिल्लीला नेला, तर एक किलो सोने त्यावर सुमारे एक ग्रॅम जास्त भरेल. कांद्याच्या व्यवहारात हा ग्रॅम कोणी विचारात घेणार नाही. सराफाला तो नजरेआड करता येत नाही. म्हणूनच नाजूक काटे जेथे वापरायचे तेथेच प्रमाणित करून घ्यावे लागतात. तागडीला ही अडचण कधीच नव्हती.

किलो आला कोठून?

एके काळी आपल्याकडे धान्य तोलण्यापेक्षा मापले जाई. शेर, अधोली, पायली ही मापे आकारमानाची होती. माप काठोकाठ भरून वर धान्याची जी रास लावत ती शीग. शीग लावून द्यायचे की सपाट करून, यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची घासाघीस चाले. एकाच नावाचे माप गावागणिक वेगळे भरे. तोळा १८० ग्रेनचा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. आज सराफ बाजारात सरसकट दहा ग्रॅमलाच तोळा म्हटले जाते. आजीचे दहा तोळे आणि नातीचे दहा तोळे यांत सोळा-साडेसोळा ग्रॅमचा फरक पडतो, हे दागिन्यांची वाटणी करताना अनेक घरांच्या ध्यानात येते.

या गोंधळाला आळा घालण्यासाठी १९५६ मध्ये वजने व मापे प्रमाणकांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात आला. किलोग्रॅमची जगाची व्याख्या त्या काळी पॅरिसजवळच्या सेव्र येथे जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलावर अवलंबून होती. १८८९ पासून तोच जगाचा किलो होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रतिकृती भारताकडे असून ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शतकभरात मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रतिकृती यांच्यात काही दशलक्षांश ग्रॅमचा फरक पडल्याचे आढळले. जगाचा किलो एका धातूच्या तुकड्यावर विसंबून ठेवणे योग्य नाही, या निष्कर्षावर शास्त्रज्ञ आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्साय येथील परिषदेत प्लांकच्या स्थिरांकावर आधारित नवी व्याख्या संमत झाली आणि २० मे २०१९ पासून ती लागू झाली.

दुकानदाराच्या काट्यावर या बदलाने काही परिणाम झाला नाही आणि तो होऊही नये अशीच योजना होती. महत्त्वाची आहे ती साखळी. राष्ट्रीय प्रयोगशाळेतील प्रमाणकावरून प्रादेशिक प्रयोगशाळांतील प्रमाणके, त्यावरून राज्याची दुय्यम आणि कार्यकारी प्रमाणके आणि त्यावरून निरीक्षक दुकानातला काटा तपासतो. पदार्थविज्ञानाचा स्थिरांक आणि वाण्याच्या दुकानातली साखर यांना जोडणारी ही साखळी शेवटच्या कडीला, म्हणजे निरीक्षकाच्या भेटीला, सर्वांत कमकुवत असते. २००९ चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी आणि साध्या तागडीची व मापांची दर चोवीस महिन्यांनी व्हावी लागते. पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात दर्शनी लावलेले असले पाहिजे. ते आपण शेवटचे केव्हा पाहिले, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

लिटर की किलो?

फसवणूक करायला काटाच बिघडवावा लागतो असे नाही. मोजण्याचे एकक बदलले तरी काम भागते. खाद्यतेलाची एक लिटरची पिशवी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. लिटर हे आकारमान. तेल तापले की पसरते, त्यामुळे गरम तेलाच्या एका लिटरात द्रव्य कमी मावते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन २१ अंश सेल्सिअसला ९१९.१ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम भरते. पिशवीवर ‘१ लिटर’ ठळक छापून खाली बारीक अक्षरांत ६० अंशांचा उल्लेख केला, की ग्राहकाच्या पदरात दर पिशवीमागे २६ ग्रॅमहून अधिक तेल कमी पडते. यात खोटे काही छापलेले नसते. घरात मात्र कोणी ६० अंशांवर तेल साठवत नाही. या पळवाटेवर बोट ठेवून विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये उत्पादकांना तापमानाचा उल्लेख काढून टाकण्यास आणि आकारमानाबरोबर वजनही छापण्यास सांगितले. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत देण्यात आली होती. पिशवीवर लिटरशेजारी ग्रॅम दिसू लागले ते यामुळे. दोन पिशव्यांची तुलना करायची तर ती ग्रॅमची करावी.

दुसरा प्रकार पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांचा. किंमत तीच, वेष्टन तेच, आतला माल दर काही महिन्यांनी थोडा कमी. महागाई अशी दिसत नाही, ती हाताला हलकी लागते. बिस्किटे, चहा, साबण अशा अनेक वस्तू ठरावीक वजनांतच विकण्याचे बंधन पूर्वी होते. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि पुढील वर्षी अमलात आलेल्या दुरुस्तीने ते उठले. उत्पादकाला हव्या त्या वजनाचा पुडा काढण्याची मुभा मिळाली आणि त्याबरोबर वेष्टनावर एककाचा दर छापण्याचे बंधन आले. किलोपेक्षा कमी मालाला प्रतिग्रॅम आणि अधिक मालाला प्रतिकिलो. ग्राहकाच्या हातात आलेले हे चांगले हत्यार आहे. पण ते इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असते, की वापरण्यासाठी आधी चष्मा लागतो.

तिसरा प्रकार आपल्या डोळ्यांदेखत घडतो. मिठाई खोक्यासकट तोलली जाते आणि खोक्याच्या पुठ्ठ्याला काजूकतलीचा भाव मिळतो. काटा येथे अगदी खरा असतो. खोक्याचे वजन शून्य करून मग मिठाई तोला, असे सांगण्याचा संकोच तेवढा महागात पडतो.

भुईकाट्यावरचा ऊस

शहरी ग्राहकाचे नुकसान ग्रॅममध्ये असते. शेतकऱ्याचे ते क्विंटलमध्ये असते आणि त्याला एकच काटा लागतो. तो म्हणजे साखर कारखान्याचा भुईकाटा. उसाने भरलेली गाडी आधी तोलली जाते, रिकामी झाल्यावर पुन्हा तोलली जाते आणि दोहोंतील फरक हे उसाचे वजन धरले जाते. गॅस सिलिंडरचाच हा हिशेब, फक्त टनांत. या काट्यांवर ‘काटामारी’ होते, असा आरोप स्वाभिमानी शेतकरी संघटनेसह राज्यातील शेतकरी संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. खासगी काट्यावर आधी तोललेला ऊस कारखान्याने नाकारू नये आणि सर्व काटे ऑनलाइन करावेत, या त्यांच्या मागण्या आहेत. कारखानदार हा आरोप फेटाळतात.

आकड्यांत पाहिल्यास प्रश्नाचे गांभीर्य कळते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला उसाचा रास्त व किफायतशीर दर क्विंटलला ३५५ रुपये ठरला. पंधरा टनांच्या एका खेपेत अर्धा टन कमी दाखवला गेला, तर त्या एका खेपेमागे १,७७५ रुपयांचा फटका बसतो.

या वादात एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातले पाणी उडते आणि त्याचे वस्तुमान खरोखरच घटते. गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन दिवस ताटकळली, तर शेतातले आणि काट्यावरचे आकडे जुळणार नाहीत. त्यात काट्याचा दोष नसतो, दोष असतो तो विलंबाचा. ही घट आणि काट्यातली लबाडी या दोहोंची गल्लत दोन्ही बाजूंना सोयीची ठरते. म्हणून तुलना करायची तर ती एकाच दिवशी, लागोपाठ दोन काट्यांवर करावी लागते.

काटामारीचा माग काढण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो वस्तुमानाच्याच गुणधर्मातून निघतो. वस्तुमान नाहीसे होत नाही. काट्यावर न दिसलेला अर्धा टन ऊस गाळला तर जातोच. त्यातून साखर, मळी आणि बगॅस निघतेच. नोंदलेल्या उसाच्या मानाने साखर अधिक भरली, तर उतारा वाजवीपेक्षा फुगलेला दिसेल. उतारा फुगू द्यायचा नसेल तर ती साखर वहीबाहेर ठेवावी लागेल, म्हणजे करही बुडेल. काट्याची तपासणी आणि साखरेच्या साठ्याची तपासणी यांचा मेळ घातला, तर एकीकडे लपवलेले दुसरीकडे उघडे पडू शकते. या दोन तपासण्या स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या खात्यांकडून होतात, ही खरी अडचण आहे.

हातात काय आहे?

सर्वसामान्य ग्राहकाने न्यूटन आणि प्लांक लक्षात ठेवण्याचे कारण नाही. तोलण्यापूर्वी काट्यावर शून्य दिसते ना, डब्याचे वा खोक्याचे वजन वजा झाले ना, काट्यावर चालू वर्षाची मुद्रा आहे ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे. घरातल्या काट्याची चाचणी घ्यायची तर एक लिटर पाणी जवळपास एक किलो भरते, हे उपयोगी पडते. बाटलीचे वजन आधी वजा करावे. शंका आली तर वैधमापन विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

तागडीच्या काळात गिऱ्हाईक दांडीकडे टक लावून पाहत असे. इलेक्ट्रॉनिक पडद्यावर लाल आकडे आले आणि आपण पाहणे सोडून दिले. आकडा दशांशापर्यंत दिसला की तो खराच असणार, असे आपण धरून चाललो आहोत. पडद्यावरचा आकडा काट्याला मिळालेल्या शिकवणीइतकाच खरा असतो. पुढच्या वेळी सिलिंडर दारात येईल, तेव्हा सहीपूर्वी त्याला काट्यावर लटकवायला सांगावे. त्याला दोन मिनिटे लागतात आणि पुढच्या घरी जाताना तो माणूस काटा बरोबर नेण्याची शक्यता वाढते.